कमीच पडला

आई रुळाजवळ एकदम खाली बसली तेव्हा मला वाटलं, तिला चक्कर आली. मी धावत गेलो. बघतो तर तिनं पदर कमरेला खोचला होता, चष्मा कपाळावर सरकवला होता आणि उकिडवी बसून, उजव्या हाताची वीत ताणून ती दोन रुळांमधलं अंतर मोजत होती. एका रुळाच्या आतल्या कडेला अंगठा टेकवायचा, करंगळी जाईल तितकी लांब न्यायची, मग करंगळीच्या जागी अंगठा आणून पुढची वीत घ्यायची. ओठ हलत होते, आवाज नव्हता. चौथ्या वितीला करंगळी पलीकडच्या रुळाला बरोबर टेकली. ती थांबली. पुन्हा पहिल्या रुळाकडे आली, पुन्हा मोजलं, या वेळी बोटं जास्त ताणून, इतकी की मनगटावरची शीर वर आली. पुन्हा चारच. मग गुडघ्यावर हात देऊन ती उठली, बोटांना लागलेला गंज रुमालाला पुसला आणि स्वतःशीच म्हणाली, "कमीच पडला."

मी म्हटलं, "काय कमी पडला?" ती म्हणाली, "काही नाई." मी तिला बाजूची पाटी दाखवली. दोन फूट सहा इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर, या नॅरोगेजचं माप हेच, ते कमी कसं पडेल, असं समजावून सांगितलं. तिनं पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा नाकावर घेत म्हणाली, "लिवलं हाय तं बरोबरच असन बाबू." आणि कडुलिंबाच्या सावलीतल्या बाकावर जाऊन बसली.

त्या दिवशी आम्ही मोतीबागेत गेलो होतो ते बहिणीच्या नातीसाठी. जानेवारीतला रविवार, ऊन अंगावर घ्यावंसं वाटणारं, आणि पोरीला टॉय ट्रेनमध्ये बसायचं होतं. नॅरोगेज रेल्वेचं ते छोटंसं संग्रहालय आमच्या घरापासून स्कूटरनं दहा मिनिटांवर आहे, आणि तरी आई तिथं कधी आली नव्हती. दर वेळी काहीतरी निघायचं. कधी गुडघे, कधी एकादशी, कधी "तुम्ही जाऊन या ना". या वेळी पोरीनं हात धरून ओढलं म्हणून आली. इंजिनाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढत होते, पोरं पायदानावर चढू बघत होती, आणि आई त्याच्या बाजूनं अशी गेली जसं रोज येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाच्या बाजूनं आपण जातो. आतल्या खोलीत मात्र ती एका हातबत्तीपाशी बराच वेळ उभी होती. लाल, हिरवी आणि पांढरी काच फिरवता येते तसली बत्ती. तिनं वाकून वास घेतला. पितळेला पॉलिशचा वास होता. "रॉकेलचा वास नाई येत हिले," ती म्हणाली, आणि पुढे गेली. टोकनची यंत्रं, जाड पुठ्ठ्याची तिकिटं, घंटा, सगळ्यांवरून तिची नजर भाजीबाजारातून फिरावी तशी फिरत गेली. काहीतरी शोधत होती. ते तिला बाहेर, जमिनीवर सापडलं.

रात्री मला झोप लागेना. माझी सगळी नोकरी ड्रॉइंग बोर्डापुढे गेली. नकाशे काढले, मापं टाकली, दुसऱ्यांनी टाकलेली मापं तपासली. कुणी "कमी पडलं" म्हटलं की माझ्या डोक्यात ताबडतोब किती, हा प्रश्न येतो. आईची वीत साधारण साडेसात इंचांची भरते. घरी तिनं कापड मोजताना मी हजारदा पाहिली आहे. साडेसात चोक तीस. दोन फूट सहा इंच म्हणजे तीसच इंच. म्हणजे चार विता हे माप अचूक होतं, सुतभरसुद्धा फरक नव्हता. मग तिला कमी काय वाटलं? आणि चूक नव्हती तर पाटी वाचून तिचा चेहरा उतरला का? सकाळी विचारलं तर म्हणाली, "तू दूध आणतं का आधी?"

मोजमापाच्या बाबतीत आम्ही नागपूरकर थोडे हळवे असणारच. गावाच्या मधोमध झिरो माइलचा खांब आहे, त्यावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, सिवनी, छिंदवाडा, बैतूल यांची अंतरं कोरलेली आहेत, आणि त्या चार घोड्यांजवळून रोज जाताना आपण कशाच्या तरी मध्यावर राहतो असं उगाच वाटतं. ज्या माणसानं १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजून हा देश मोजायला घेतला, तो विल्यम लॅम्बटन अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, बरोबर वागवत वीस वर्षं उत्तरेकडे सरकत राहिला आणि २० जानेवारी १८२३ रोजी नागपूरकडे येता येता हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. नोकरीच्या सुरुवातीला साइटच्या निमित्तानं हिंगणघाटला गेलो असताना मी ती मुद्दाम शोधली होती. ज्याचं आयुष्य कोनांत आणि साखळ्यांत गेलं त्याला शेवटचे साठ-सत्तर किलोमीटर पुरले नाहीत, याचं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. आईनं वितीनं मोजलेला रूळ आणि लॅम्बटनची साखळी यांचा खरं तर काही संबंध नाही. पण त्या रात्री दोन्ही एकदम आठवले, आणि कमी पडणं हा शब्द डोक्यातून जाईना.

नागभीडच्या गाडीनं मी आजोळी जायचो. आई, मी, ताई, एक पत्र्याची पेटी आणि एक पितळी डबा. इतवारीहून गाडी सुटायची आणि भांडेवाडी मागे पडेपर्यंत नागपूर मागे पडलेलं असायचं. शंभरेक किलोमीटरच्या त्या मार्गाला गाडीला चार-पाच तास लागायचे. आमचं गाव भिवापूरच्या अलीकडे होतं, म्हणून आमचा प्रवास थोडा कमी, पण लहानपणी तो मुंबईइतका लांब वाटायचा. आता नॅरोगेजच्या आठवणी लिहिणारा जो तो सांगतो की गाडी इतकी हळू जायची की माणसं उतरून बोरं तोडून परत चढायची. मी तसं एकदाही पाहिलं नाही. मी पाहिलं ते वेगळंच होतं. बाकं खिडक्यांना पाठ करून लांबीनं लावलेली असायची आणि डबा इतका अरुंद की समोरासमोरच्या माणसांचे गुडघे जवळजवळ टेकायचे. मधे टोपली ठेवली की पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न. त्यामुळे कुणाशी बोलायचं नाही असं ठरवून त्या गाडीत बसताच येत नसे. आईनं पेटी उघडली की समोरच्या बाईला दिसायचं आत काय आहे, आणि ती विचारायचीच, "भावाचं लगीन का वं?" उमरेडला कोळशाच्या खाणीतली माणसं चढायची, त्यांच्या नखांच्या कडा काळ्या. कुहीच्या बायका भाजीच्या रिकाम्या टोपल्या एकात एक घालून परत निघालेल्या असायच्या आणि दमून एकमेकींच्या खांद्यावर झोपायच्या. ब्रॉडगेजच्या डब्यात मी पुष्कळ फिरलो, पण शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर झोपणारी माणसं तितकी कुठे पाहिली नाहीत. तिथं ते जागेच्या टंचाईमुळे होत असेल. पण होत होतं.

आणि मिरची. जानेवारी-फेब्रुवारीत परत येताना भिवापूरच्या मिरचीची पोती गाडीत असायची. आता त्या मिरचीला जीआय मानांकन मिळालं आहे, तेव्हा ती नुसती "भिवापुरी" होती, बुटकी, जाड सालीची, रंगाला गर्द. डब्यात पोतं आलं की पहिल्यांदा एक पोर शिंकायचं, मग दुसरं, मग सगळा डबा. ठसका लागून डोळ्यांत पाणी आलेल्या त्या डब्यात बायका पदर नाकाला लावून हसत राहायच्या. बाहेर पळस फुललेला असायचा. खिडकीतून तो लाल आणि आत हा लाल, आणि मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून शिंकतो आहे. आजही मिरची कांडपाच्या गिरणीवरून गेलो की मला चाकांचा आवाज ऐकू येतो.

हा रूळ इतका अरुंद का, हे पुढे शिकताना कळलं. बंगाल नागपूर रेल्वेनं सातपुड्याच्या या भागात नॅरोगेजचं जाळं विणलं ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. गोंदिया–जबलपूर १९०३ ते १९०५ च्या सुमारास, आमची नागपूर–नागभीड १९०८ मध्ये. त्याच्या आधीची दहा वर्षं या मुलखानं दोन दुष्काळ पाहिले होते, १८९६–९७ चा आणि १८९९–१९०० चा, संवत १९५६ म्हणून छप्पनचा म्हणतात तो. धान्य पोचवायला वाट हवी होती आणि साडेपाच फुटी रुंद मार्गाला लागणारा पैसा या जंगलात टाकायला कुणी तयार नव्हतं. अडीच फुटी मार्गाला हलके रूळ चालतात, कमी भराव चालतो, डोंगराला वळसा घालताना तीव्र वळण घेता येतं. बार्शी लाइटनं १८९७ मध्ये याच मापावर गाडी चालवून दाखवली होती. म्हणजे आईनं मोजलेले ते तीस इंच मुळात तडजोडीचे. तेवढंच परवडत होतं. पण माझ्या आजोळच्या माणसांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या लेखी रेल्वे म्हणजे एवढीच रुंद असते, आणि नागपूरची मोठी लाइन पाहून आलेला माणूस गावात सांगायचा, "तिथली लाइन लय फाकली हाय."

आबाजी, म्हणजे आईचे वडील, या लाइनवर चाबीवाले होते. चाबीवाला म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. लाइनची देखभाल करणाऱ्या गँगमधल्या बाकीच्या माणसांच्या आधी उठून, ठरलेल्या पाच-सहा किलोमीटरच्या तुकड्यावरून पायी जायचं आणि पायीच परत यायचं. रोज. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, एक मोठा पाना, काखेत लाल-हिरवी झेंडी, पिशवीत धोक्याच्या वेळी गाडीला इशारा द्यायला रुळावर लावायचे फटाके. रूळ जागेवर धरून ठेवणारी प्रत्येक चाबी, प्रत्येक खिळा, दोन रूळ जोडणारी प्रत्येक फिशप्लेट बघायची. सैल असेल तर ठोकायची, बोल्ट आवळायचा. उन्हाळ्यात रूळ तापून वाढतात, पंचेचाळीसच्या पुढे पारा गेला की लाइन वाकू शकते, म्हणून जगानं दारं लावून झोपायच्या वेळी यांनी लाइनवर असायचं. पावसाळ्यात रात्रीची गस्त, हातात ती तीन काचांची बत्ती, नाल्याला पाणी आलं की पुलापाशी बसून राहायचं. आईच्या बालपणी आमच्या आजीनं रात्री दार उघडं ठेवून किती झोप घेतली असेल, कोण जाणे. रॉकेलचा वास आईला का हवा होता ते मला त्या खोलीत कळायला हवं होतं. आबाजी घरी आल्याची खूण तो वास होता.

मला आबाजी आठवतात ते म्हातारे, गँगच्या क्वार्टरमधून गावातल्या घरात आलेले. कमी बोलायचे. बसल्या जागी चमच्यानं, काडीनं, कशानंही वस्तूवर टिचकी मारून आवाज ऐकायची सवय होती. रांजण, खाट, दाराची चौकट. एकदा माझ्या डोक्यावर बोटानं टिचकी मारून म्हणाले होते, "पक्कं हाय." त्यांच्या हाताचं मात्र मला काही आठवत नाही. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, ते गेले तेव्हा. हातोडा धरून त्यांचा अंगठा बाहेरच्या बाजूला वळला होता असं आई सांगते. मी तो पाहिला असणारच, पण बघितला नव्हता.

संग्रहालय उघडलं १४ डिसेंबर २००२ ला. नागभीडची शेवटची गाडी धावली नोव्हेंबर २०१९ मध्ये, मग मार्ग रुंद करायला बंद झाला. हे दोन आकडे मी कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. म्हणजे सतरा वर्षं अशी गेली की त्याच मापाची गाडी मोतीबागेत तिकीट काढून बघायला उभी होती आणि तिकडे इतवारीहून लोक त्याच मापाच्या गाडीत तिकीट काढून गावी जात होते. ज्या बायका टोपल्या घेऊन त्या गाडीनं यायच्या, त्यांच्यापैकी कुणी मोतीबागेत आली असेल का? येऊन काय पाहिलं असेल? अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, आपण जातो तेव्हा हा प्रश्न येत नाही. तिथं गुंगेरियाची तांब्याची हत्यारं आहेत, १८७० मध्ये बालाघाटकडे गुरं राखणाऱ्या पोरांना जमिनीतून वर आलेलं एक टोक दिसलं आणि खाली चारशेच्या वर तांब्याच्या वस्तू निघाल्या. ती हत्यारं ज्यानं घडवली त्याच्या घरचं कुणी येऊन काचेपाशी "कमी पडलं" म्हणायची शक्यता नाही. मोतीबागेत ती आहे. तिथल्या वस्तूंना अजून ओळखणारी माणसं जिवंत आहेत, आणि ती येतात तेव्हा कुणाला काही न सांगता येतात, बघतात आणि जातात. पाटी वाचून दाखवणारा मुलगा त्यांच्याबरोबर असला तर मग ती काही बोलतच नाहीत.

शेवटची गाडी बघायला आई गेली नव्हती. मी चल म्हटलं होतं. त्या दिवशी तिनं घरातले सगळे डबे काढून घासले.

मोतीबागेतल्या त्या रविवारानंतर महिन्याभरानं, कामाच्या दिवशी दुपारी मी एकटाच तिथं परत गेलो. कुणी नव्हतं. एक माळी पाइपनं झाडांना पाणी देत होता. मी त्या रुळापाशी गेलो. लाज वाटत होती, पण बसलो. लोखंड उन्हानं कोमट झालं होतं. रुळाच्या आतल्या कडेला अंगठा लावला. जवळून बघितल्यावर त्या कडेवर खूप बारीक ओरखडे दिसतात, उभे नाही, लांबीच्या दिशेनं गेलेले, आणि त्यांच्यात गंज साचून ते केशरी झालेले असतात. वरचा भाग मात्र अजून गुळगुळीत. स्लीपरच्या लाकडाला उभ्या भेगा पडल्या होत्या, एका भेगेत मुंग्या चालल्या होत्या. एक वीत. दोन. तीन. तिसरी वीत संपली तेव्हा पलीकडच्या रुळाला थोडं अंतर राहिलं. मी त्यात बोटं घातली, आडवी, एकमेकांना चिकटवून. चार बोटं गच्च बसली. तीन विता, चार बोटं.

माझी वीत नऊ इंचांची आहे हे मला माहीत होतं. पण एक गोष्ट तिथं बसल्यावर आठवली. जुन्या मापात बारा अंगुळांची एक वीत. तीन विता म्हणजे छत्तीस अंगुळं, आणि वर चार. चाळीस अंगुळं, न कमी न जास्त. कुठल्या तरी इंग्रज इंजिनिअरानं फुटा-इंचात ठरवलेलं माप आपल्या हातात इतकं पूर्ण बसतं, याचा मला एकट्याला फार आनंद झाला. माळ्यानं विचारलं, "काही पडलं का साहेब?" मी म्हटलं, "नाही. सापडलं."

घरी आलो तेव्हा आई ओसरीत वर्तमानपत्र पसरून मिरच्यांची देठं काढत बसली होती. ती अजून भिवापूरचीच मिरची मागवते, मामाच्या घरून पोतं येतं. ऊन तिच्या पाठीवर होतं आणि अंगणभर तो वास. मी समोर बसलो, एक मिरची उचलली, देठ मोडलं आणि सहज बोलावं तसं म्हटलं, "आई, आज मी पण मोजलं. मोतीबागेतलं. माझं तीन विता, चार बोटं आलं."

तिचा हात थांबला.

"किती?"

"तीन विता, चार बोटं."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग तिनं सांगितलं. इतकं सलग ती एरवी बोलत नाही. ती पाच-सहा वर्षांची होती तेव्हा बाबाची भाकर घेऊन लाइनवर जायची. दुपारी आबाजी मोहाच्या झाडाखाली बसायचे. जेवण झालं की तिला रुळापाशी नेऊन वितीनं मोजायला लावायचे. मापाची लोखंडी सळी मेटकडे, म्हणजे गँगच्या मुकादमाकडे, असायची, पण आबाजींना तिची गरज नव्हती, त्यांचा हातच गेज होता. तीन विता, चार बोटं. चार बोटं सैल गेली तर लाइन फाकली, चार बोटं शिरली नाहीत तर आवळली. आईच्या सहा विता यायच्या. ती रडवेली व्हायची, की माझं चुकलं. "बाबा म्हणे, चुकलं नाई वं, मोठी झाली का तीन येतीन." मग दर उन्हाळ्यात ती मोजायची. सहा. साडेपाच. बाराव्या वर्षी पाच आले. त्यानंतर मोठ्या पोरीनं लाइनवर फिरू नये म्हणून आजीनं तिचं जाणं बंद केलं, भाकर मामा न्यायला लागला. मग लग्न. मग इतक्या वेळा त्या गाडीनं आली-गेली, पण फलाटावरून खाली उतरून, चार माणसांत, लुगडं सावरत रुळ कोण मोजणार?

"म्हणून त्या दिवशी पाह्यलं," ती म्हणाली. "पंचाहत्तरी आली. म्या म्हटलं आतातरी तीन आले असतीन. तं चारच. हात कमीच पडला."

हात. मी महिनाभर समजत होतो, रूळ कमी पडला.

मला काय बोलावं ते सुचलं नाही. बायकांचे हात तेवढेच असतात, तुझं माप अचूक होतं, साडेसात चोक तीस, असं सगळं तोंडाशी आलं आणि ते बोललो नाही याचं मला आज बरं वाटतं. तिनं मिरच्या बाजूला सारल्या, माझा उजवा हात ओढून घेतला आणि वर्तमानपत्रावर पालथा ठेवला. बोटं फाकवली. माझा अंगठा धरून बाहेरच्या बाजूला थोडा वळवला, तो तितका वळेना. मग स्वतःचा हात तिनं माझ्या हातावर ठेवला, अंगठ्यावर अंगठा. तिची करंगळी माझ्या करंगळीच्या दुसऱ्या पेरापाशी संपली. तशीच ती बघत राहिली. तिच्या बोटांवर बियांचे पिवळे कण होते, तळवा गरम होता. मग तिनं माझ्या हाताच्या पाठीवर एका बोटानं टिचकी मारली आणि कान देऊन ऐकल्यासारखं केलं.

"बाबाचा असाच यायचा," ती म्हणाली.

आणि लगेच, मी हात उचलताना बघून, "थांब, थांब. मिरचीचा हाय. डोळ्याले नोको लावू."